हाताची घडी, तोंडावर बोट

शाळामास्तराच्या आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, 'गप्प!' पाढे, कविता, व्याकरण हे सारे त्यानंतरचे. वर्गात पाऊल टाकले की 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा आमच्या तोंडून आपोआप निघते. देवळातल्या गुरवाला जशी घंटा ऐकू येईनाशी होते, तसा हा शब्द आमच्या कानांना ऐकूच येत नाही. मलाही तो बावीस वर्षे ऐकू आला नव्हता. गेल्या दिवाळीत तो पहिल्यांदा ऐकू आला, आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. दिवाळीला ती चांदवडला आली की आमच्याकडे एक फेरी ठरलेली. पाडव्याच्या संध्याकाळी ओट्यावर बसून चकली मोडता मोडता मी तिला सहज विचारले, "अगं, तू तिथे नेमके करतेस तरी काय? जरा माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला कळेल असे सांग." (आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि माझी गाडी त्या स्टेशनाच्या पुढे गेली नाही.)

ती म्हणाली, "सर, मी जनुकांना गप्प करते."

मी हसलो. म्हटले, "म्हणजे माझाच धंदा!"

तीही हसली, पण जरा थांबून हसली. त्या थांबण्याचा अर्थ मला पुढे कळला.

ती जे सांगत होती ते मी माझ्या पद्धतीने समजून घेतले. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात वारशाचे सारे दप्तर असते. माणसाच्या दप्तरात प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी जनुके सुमारे वीस हजार. हे मूळ दप्तर खोलीबाहेर जात नाही. तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षासारखेच ते. शेतकऱ्याला सातबारा हवा असेल तर त्याला नक्कल मिळते, मूळ वही मिळत नाही. तशीच पेशीतही जनुकाची नक्कल निघते. तिचे नाव निरोप्या आरएनए. ती नक्कल बाहेर कारखान्यात जाते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. आता समजा, दप्तराला हात न लावता कोणी दाराशीच उभे राहून एका विशिष्ट गटनंबराच्या नकला तेवढ्या फाडू लागला, तर काय होईल? मूळ नोंद शाबूत. पण बाहेरच्या जगाच्या दृष्टीने तो गट मुका. प्रयोगशाळेत हे नकला फाडण्याचे काम करवून घेतात ते एका चिमुकल्या दुपदरी आरएनएकडून. त्याची लांबी अवघी एकवीस अक्षरे! पेशीतलीच एक यंत्रणा त्याचा एक पदर टाकून देते, दुसरा हाताशी धरते, त्या पदराशी जुळणारी नक्कल शोधते आणि कापते.

मौज अशी की ही युक्ती माणसाने शोधली नाही. ती त्याच्या पायात आली. १९९० च्या सुमारास अमेरिकेत काही शास्त्रज्ञांना पेटुनियाची जांभळी फुले अधिक गर्द जांभळी करायची होती. म्हणून त्यांनी रंग तयार करणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत रोपात घातली. फुले आली ती काही पांढरीशुभ्र, काही ठिपक्यांची! एकाच गोष्टीसाठी दोघे ओरडू लागले आणि दोघेही गप्प बसवले गेले. वर्गात असे रोज घडते. पुढे १९९८ मध्ये अँड्रयू फायर आणि क्रेग मेलो यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात दुपदरी आरएनए घालून दाखवले, की गप्प बसवणारा हाच. त्यासाठी त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. पण माणसाच्या आणि इतर सस्तन प्राण्यांच्या पेशींत हा प्रयोग सरळ साधेना. लांब दुपदरी आरएनए आत गेला की पेशीला वाटे, विषाणू शिरला. आणि मग ती घाबरून एका जनुकाचे नव्हे, सगळ्याच कारखान्यांचे दरवाजे बंद करी. २००१ मध्ये टुश्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस अक्षरांचा तुकडा वापरला. तो इतका लहान, की पेशी दचकली नाही. हव्या त्याच जनुकाचा आवाज गेला.

"पण गप्प कशाला करायचे?" मी विचारले.

"ते जनुक काय काम करते हे कळावे म्हणून, सर. एरवी वीस हजारांच्या गलक्यात एकाचे काम ओळखायचे कसे? त्याला गप्प करायचे आणि काय बिघडते ते पाहायचे."

तेवढ्यात आतून आमच्या सौभाग्यवती चिवड्याची बशी घेऊन आल्या. त्यांनी शेवटचे वाक्य ऐकले होते. "यात काय विशेष?" त्या म्हणाल्या. "मी आठ दिवस माहेरी गेले की यांना कळते, दूध कोण तापवते ते."

मला मान्य करावे लागले. कादंबरी लिहिताना मीही हेच करतो. एकदा एका कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्यातून मी आजीचे पात्र काढून टाकले. तीनशे पानांत ती कोपऱ्यात बसून जपमाळ ओढण्यापलीकडे काही करीत नव्हती. काढली मात्र, आणि घरातली सगळी माणसे एकमेकांशी वकिलासारखी बोलू लागली. निमूटपणे परत आणून बसवली.

मग तिने मला एका अळीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. आपल्या हापूसच्या सुवासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अभ्यास केलेले सागर पंडित नावाचे संशोधक पुढे जर्मनीत येना येथील मॅक्स प्लांक संस्थेत गेले. तिथे पवन कुमार, ते स्वतः आणि आणखी दोघे सहकारी यांनी हा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडित पुढे पुण्याच्या आयसरमध्ये शिकवू लागले. अभ्यासाचा विषय, रानतंबाखूवर जगणारी एक अळी. तंबाखूतले निकोटिन हे जहाल विष. पण ही अळी ते खाते आणि बहुतेक सगळे बाहेर टाकते. बहुतेक, सगळे नव्हे. तिच्या आतड्यातले एक जनुक त्यातला अगदी थोडा वाटा, शेकडा एकाहूनही कमी, रक्ताकडे वळवते. आणि तेवढे निकोटिन ती अंगावरच्या श्वासछिद्रांतून बाहेर सोडते. हे उपद्व्याप कशासाठी? संशोधकांनी अशी तंबाखूची रोपे तयार केली, की ती खाल्ल्यावर अळीचे ते जनुक गप्प व्हावे. मग ती रोपे रानतंबाखूच्या मूळच्या माळरानावर लावली. रात्री शिकारीला निघणारा, जाळे न विणणारा एक कोळी तिथे असतो. त्याने निवाडा दिला. गप्प केलेल्या अळ्या तो खुशाल उचलू लागला. बोलत्या अळ्यांच्या वाटेला तेवढा जाईना. म्हणजे तो श्वास हेच तिचे शस्त्र! तोंडाला तंबाखूचा वास मारणाऱ्या माणसाजवळ एसटीत कोणी बसत नाही, त्यातलाच प्रकार. आणि गंमत पाहा, वाळूत खळगा करून दबा धरणारा दुसरा एक किडा होता, त्याला या श्वासाचे काहीच वाटत नव्हते. त्याच्यापुढे दोन्ही अळ्या सारख्याच. कोळी तिथे नसता तर ते जनुक निरुपयोगी आहे असाच निष्कर्ष निघाला असता.

मी म्हणालो, "पण मग त्या अळ्या बिचाऱ्या..."

"खाल्ल्या गेल्या, सर."

मी जरा विरघळलो, हे कबूल करतो. पण लगेच स्वतःचीच लाजही वाटली. आमच्या तालुक्यात पहाटे पाच वाजता द्राक्षबागांतून फवारणीचे पंप सुरू होतात. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीला कोणी दया दाखवीत नाही. आणि ते टोमॅटो मी खातो. बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी तर अमेरिकेत २०२३ मध्ये याच तत्त्वावरच्या फवाऱ्याला मान्यता मिळाली. तिथे गप्प करणे हे काही जाणून घेण्यासाठी नाही, सरळ मारण्यासाठी आहे. तेव्हा चार अळ्यांसाठी मी गळा काढणे हे ढोंग झाले. तरीही एक गोष्ट खटकत राहिली. फवाऱ्याने मारणारा शेतकरी अळीचा शत्रू असतो आणि तो तसे लपवीत नाही. इथे मात्र तिचे शस्त्र काढून घेऊन तिला कोळ्यापुढे ठेवायचे, आणि तेही तिच्याविषयीच्या कुतूहलापोटी! जाणून घेण्याची ही रीत रास्त आहे काय? हा प्रश्न मी तिला विचारला.

तिने उत्तर दिले नाही. बशीतला शेंगदाणा बाजूला सारीत ती म्हणाली, "सर, तुम्ही सातवीत असताना एकाला आठ दिवस गप्प केले होते. आठवते?"

मला आठवत होते. ती त्याच वर्गात होती, हे मात्र मी विसरलो होतो.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी इथे देत नाही. चांदवडात तो अजून आहे. त्याचे तोंड म्हणजे पावसाळ्यातला ओढा. मी फळ्याकडे वळलो की याची कुजबुज सुरू. त्या दिवसांत माझी पहिली कादंबरी छापखान्यात होती, मुद्रिते तपासून डोळे आणि डोके दोन्ही चढलेले. एके दिवशी मी कडाडलो, "आजपासून आठ दिवस तू एक शब्द बोलायचा नाहीस. एक शब्दही!" तो उभा राहून म्हणाला, "सर, पण मी..." मी म्हणालो, "पण नाही आणि बिण नाही."

वर्ग कसा शांत झाला! पहिले दोन दिवस मी खूष होतो. तो ओठ हलवी, खुणा करी, माझी नजर गेली की थांबे. पाचव्या दिवशी मी वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा त्याच्या शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या मुलाची वही कोरी निघाली. फळ्यावरचे एक अक्षर त्याने उतरवले नव्हते. आधीची पाने तर व्यवस्थित लिहिलेली होती. मी त्याला पुढे बोलावले, फळ्यावरचे वाचायला सांगितले. त्याला वाचता येईना. फळा दिसतच नव्हता. कोणी 'ढापण्या' म्हणेल या भीतीने त्याने घरीही सांगितले नव्हते. आणि शेजारचा तो बडबड्या वर्षभर त्याला फळा वाचून दाखवीत होता.

पुढच्याच आठवड्यात त्या दुसऱ्या मुलाला चष्मा लागला. त्याच्या वडिलांनी शाळेत येऊन माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

"म्हणजे तुमचा प्रयोग यशस्वी झाला," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच अधिक लागले. "पण सर, आमच्याकडे असा प्रयोग कोणी मान्य करणार नाही. ताडून पाहण्याची दुसरी बाजू नव्हती त्याला. आम्ही काही पेशींना अर्थहीन अक्षरांचा तुकडा देतो, कोणत्याच जनुकाशी न जुळणारा. नुसत्या उपद्रवाने काय होते तेही कळावे लागते. त्या आठ दिवसांत वर्ग शांत होता तो त्याच्या गप्प बसण्याने, की तुमच्या ओरडण्याने? मी स्वतः तेव्हा प्रश्न विचारायचे थांबले होते. मला कुठे तुम्ही काही म्हणाला होतात?"

लांब दुपदरी आरएनए शिरल्यावर पेशी सगळेच कारखाने बंद करते, हे ती मघाशी सांगून गेली होती. मला ते तेव्हा नुसते शास्त्र वाटले होते.

मग तिने आणखी सांगितले. तो तुकडा ज्याच्यासाठी बनवला त्यालाच गप्प करील असा भरवसा नसतो. सुरुवातीची सहा-सात अक्षरे जुळली तरी भलत्याच नकला कमी होतात. म्हणून एकाच जनुकाविरुद्ध वेगवेगळे तुकडे वापरून पाहावे लागते. आवाज पूर्ण बंदही होत नाही. थोडाफार झिरपत राहतो. आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा शेवटची. त्या जनुकाची अशी प्रत पेशीला परत द्यायची, की ती या तुकड्याला दाद देणार नाही. आवाज परत आला आणि बिघडलेले पूर्ववत झाले, तरच म्हणायचे की आपल्याला कळले. "परत देऊन पाहिल्याशिवाय आम्ही लिहीत नाही, सर."

मी बचावासाठी धडपडलो. म्हणालो, "अगं, पण गप्प बसवणे ही सृष्टीचीच रीत नाही काय? तूच म्हणतेस, डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत दप्तर एकच. सगळी जनुके एकदम बोलू लागली तर ना डोळा होईल ना यकृत." या बाबतीत मी बरोबर होतो, असे ती म्हणाली. पेशी स्वतःच असले छोटे आरएनए बनवते आणि आपल्या जनुकांना आवरते. १९९३ मध्ये त्यातला पहिला सापडला, आणि अँब्रोस व रुव्हकुन यांना त्यासाठी २०२४ चे नोबेल मिळाले. एवढेच नव्हे, तर यकृतातले एक सदोष प्रथिन मज्जातंतूंवर साठत जाण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. त्या जनुकाला गप्प करणारे औषध २०१८ पासून निघाले आहे. तो रोगी तर 'याला गप्प करा हो' म्हणून स्वतः दंड पुढे करतो.

मला जरा धीर आला. वर्गात एकाचे ऐकू यायचे तर बाकीच्यांनी थांबलेच पाहिजे. गप्प बसवणे हे मुळातच पाप असते तर जगातली एकही शाळा चालली नसती. शिवाय त्या दुसऱ्या मुलाचे डोळे? मी तो हुकूम सोडला नसता तर आणखी किती वर्षे तो मित्राच्या कुजबुजीवर फळा वाचत राहिला असता! फळ चांगले निघाले, हे तर कोणी नाकारू शकत नाही.

"पण सर, पेशीला विचारता येत नाही," ती म्हणाली. "अळीलाही येत नाही. म्हणून आम्हाला गप्प करून पाहावे लागते."

दाराशी उभ्या असलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि पोराला विचारता येत होते की. तो सांगतच होता."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. कुतूहलाने गप्प करणाऱ्या त्या मुलीकडे निदान एक प्रश्न होता. माझ्याकडे प्रश्नही नव्हता; नुसता त्रागा होता. ज्ञान मला वाटेत पडलेले सापडले, आणि मी ते माझे म्हणून खिशात घातले. त्या मुलाच्या वडिलांचे आभार मी घेतले ते खरे तर दुसऱ्याचे होते. आणि हे सारे मी अठरा वर्षे 'शिक्षकाची चाणाक्ष नजर' या सदरात जमा धरून ठेवले होते. एका व्याख्यानात तर ती गोष्ट सांगून टाळ्याही घेतल्या. त्यात बडबड्याचा उल्लेखच नव्हता.

तिने निघताना विचारले, "आमच्या पेशी भराभर दुणावत जातात, तसा तो तुकडा विरळ होतो, आठवड्याभरात आवाज आपोआप परत येतो. त्याचा आला का हो?"

नवव्या दिवशी मी वर्गात त्याची पाठ थोपटली होती. म्हणालो होतो, "आता बोल रे, मोकळा आहेस." तो "हो सर" म्हणाला. त्यानंतर विचारले की उत्तर देई, एवढेच. पुढे एकदा त्याच्या आईला मी विचारले, तर ती म्हणाली, "घरी तर तोंड मिटत नाही त्याचे."

तो आता कांद्याची पिकअप चालवतो. आग्रा रोडवरच्या चहाच्या टपरीवर त्याचा अड्डा असतो. तिथे तो सांगतो आणि दहाजण हसतात, हे मी लांबून अनेकदा पाहिले आहे. भाऊबीजेच्या सकाळी मी मुद्दाम तिकडे गेलो. कसलीशी गोष्ट ऐन रंगात आली होती. लासलगावच्या बाजारातला कोणी आडत्या, आणि त्याची नक्कल तो हातवारे करून करीत होता. मला पाहताच तो थांबला, बाकावरून उठला, फडक्याने जागा पुसली. म्हणाला, "या सर, बसा." माझ्यासाठी चहा सांगितला.

मी म्हणालो, "अरे, चालू दे की. थांबलास का?"

तो हसला. त्याने बाकीच्यांकडे पाहिले, बाकीच्यांनी माझ्याकडे.

"पुढे काय झाले त्या आडत्याचे?" मी विचारले.

"काही नाही सर," तो म्हणाला. "असेच आपले."

चहा आला. मी तो सावकाश प्यालो. शेजारून ट्रक जात होते, म्हणून फारसे अवघड वाटले नाही.